काठावरून रात्री माकुल: रंग, उजेड आणि काळोख

किनारेकर (योकोहामा)

मासेमारीच्या मागच्या धाग्यावर माकुलाचा (म्हणजे स्क्विडचा) विषय निघाला आणि त्याला एवढे फाटे फुटले की हा वेगळा धागा काढतोय. होडीतून नाही, ट्रॉलरवरून नाही. धक्क्यावर किंवा खडकावर उभं राहून, रात्री, गरीने माकुल कसं धरतात एवढंच इथे बोलू. मी जपानमध्ये असतो, त्यामुळे माझं ज्ञान इझू आणि मिउरा या दोन द्वीपकल्पांपुरतं. कोकणातल्या मंडळींनी भर घालावी.

इथे सगळे ज्याच्या मागे असतात ते माकुल म्हणजे आओरी-इका, शास्त्रीय नाव सेपिओट्यूथिस लेसोनियाना. अंगाच्या दोन्ही कडांना पूर्ण लांबीचे रुंद पर असतात. आयुष्य जेमतेम वर्षाचं. साधारण एप्रिल ते जूनमध्ये मोठी माकुलं काठाजवळच्या समुद्री शेवाळाच्या रानात अंडी घालायला येतात. उन्हाळ्यात पिल्लं निघतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ती वीतभर होऊन बंदरांच्या आत शिरतात. वसंतात दिवसाकाठी एखादं मिळालं तर मिळालं, पण ते दोन किलोच्या वरचंही निघतं. शरदात संख्या जास्त, वजन पाव-अर्धा किलो. शिकायचं असेल तर शरदात शिका. लहान, भुकेली माकुलं कशावरही झडप घालतात.

आमिषाला इथे 'इगी' म्हणतात. कोळंबीच्या घाटाचा लाकडी किंवा प्लास्टिकचा तुकडा, वर कापड गुंडाळलेलं, हनुवटीखाली शिशाचं वजन, दोन बाजूंना दोन पिसं आणि शेपटीला उलटा काटा नसलेल्या सुयांची दोन कडी. ही वस्तू काही शतकांपूर्वी क्यूशूच्या दक्षिणेला, आमामी-कागोशिमाच्या बाजूला जन्मली. मशालीचं जळकं लाकूड रात्री पाण्यात पडलं आणि माकुल त्याला येऊन बिलगलं, त्यावरून कल्पना सुचली असं सांगतात. जुन्या लाकडी इगी मुद्दाम पोळवून काळ्या केलेल्या असत.

इगीचा नंबर म्हणजे तिचा आकार. ३.५ नंबरची इगी साधारण २० ग्रॅमची. एक मीटर खाली जायला तीनेक सेकंद घेते. फेकायची, तळाला टेकेपर्यंत मनात आकडे मोजायचे, मग काठी दोन-तीनदा झटकन वर उचलायची आणि पुन्हा खाली पडू द्यायची. माकुल घेतं ते पडताना. उचलतो आपण त्याचं लक्ष वेधायला, पकडतं ते नंतरच्या शांततेत. नवखे लोक झटके मारत सुटतात आणि पडायला वेळच देत नाहीत. रात्री दोरा दिसत नाही, त्यामुळे बोटावर कळावं लागतं. पडता पडता दोरा अचानक सैल झाला किंवा ओला फडका अडकल्यासारखं ओझं आलं की समजायचं.

आता माझा प्रश्न. इथल्या दुकानात इगींची अख्खी भिंत असते. गुलाबी, नारिंगी, हिरवी, जांभळी, पोटाला सोनेरी पट्टी, लाल पट्टी, काळोखात चमकणारी. एकेक साधारण हजार येनची. मला वाटतं हा सगळा माणूस गळाला लावण्याचा धंदा आहे. तुमचं काय मत?

वरणभात

माणूस गळाला लागलेला दिसतोच आहे. किती इगी आहेत घरात? वहिनींना विचारू का?

किनारेकर (योकोहामा)

वरणभात, तुम्ही शाकाहारी, तुम्हाला या धाग्यावर प्रवेश फक्त टाळ्या वाजवायला.

रापणकार (मालवण)

इगी-बिगी माका काय म्हायत नाय, पण माकुल म्हायत आसा.

आमच्याकडे पाऊस संपल्या संपल्या गरी घेऊन धावणारे रिकाम्या हाताने येतात. नद्यांचं गढूळ पाणी ओसरून समुद्र निवळ व्हायला दिवाळी उजाडते. तोपर्यंत माकुल काठाला फिरकत नाही. एक तर त्याला गोडं पाणी सोसत नाही, दुसरं म्हणजे ते डोळ्यांनी शिकार करतं, गढुळात त्याला दिसणार काय? म्हणून खाडीच्या तोंडाशी बसू नका. मोकळ्या समुद्राकडे तोंड असलेला धक्का किंवा खडप बघा, खाली दगड आणि वाळू दोन्ही असलेली.

आम्ही अजूनही ताजी तारली किंवा पेडवा असले छोटे मासे सुयांच्या गरीवर बांधतो, वर बोया, आणि वाऱ्यावर सोडून देतो. बोया हळूच बुडतो, माशासारखा गपकन नाही. तेव्हा हिसका मारायचा नाही. सावकाश ओढत आणायचं. माकुलाला आठ आखूड हात आणि दोन लांब सोंडा. ते आधी लांब सोंडांनी धरतं. तेवढ्यावर हिसका दिला की सोंड तुटून गरीवर राहते आणि माकुल जातं. त्याला जवळ ओढू द्यायचं, सगळ्या हातांनी मिठी मारू द्यायची, मग उचलायचं.

रंगाचं म्हणाल तर तारलीचा रंग तारलीचा. दुकानात जावं लागत नाही.

शिंपला

रंगाबद्दल थोडं लिहिते, हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे.

आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. माकुलाच्या बहुतेक जातींच्या डोळ्यात दृश्य-रंगद्रव्य एकच. म्हणजे त्यांना उजेड-काळोखाच्या छटा दिसतात, रंग नाहीत. गंमत अशी की ज्याची कातडी क्षणात रंग पालटते तो प्राणी स्वतः रंगांधळा. ते एक रंगद्रव्य निळ्या-हिरव्या उजेडाला सर्वात जास्त प्रतिसाद देतं. लाल उजेड त्याच्यापर्यंत जवळजवळ पोचतच नाही, त्यामुळे लाल वस्तू त्याला काळी दिसत असणार. गुलाबी की नारिंगी हा वाद काठावरच्या माणसांचा, पाण्यातला नाही.

पण किनारेकर, सगळ्या इगी सारख्याच असाही याचा अर्थ नाही. गडद की फिकी, चकाकते की नाही, हा फरक त्याला चांगलाच दिसतो. शिवाय माकुलाला प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे उजेडाच्या लहरी कोणत्या दिशेने हलतात ते दिसतं, जे आपल्याला दिसत नाही. कोळंबीची पारदर्शक पिल्लं किंवा माशाचे चंदेरी खवले आपल्याला पाण्यात हरवल्यासारखे वाटतात, त्याला ते उठून दिसतात. चंद्र नसेल तेव्हा लाल पोटाची इगी वरच्या अंधुक आकाशासमोर काळी आकृती म्हणून दिसेल. चमकणारी इगी बरोबर उलट काम करेल. तेव्हा एक गडद, एक फिकी, एक चमकणारी. तीन पुरे.

वरणभात

तीन पुरे! हे छापून फ्रिजवर लावायला हवं, किनारेकर वहिनींसाठी.

किनारेकर (योकोहामा)

शिंपला, धन्यवाद. इथले जुने लोक वरच्या कापडापेक्षा खालची पट्टी बघतात, हे आता नीट कळलं. ढग असले की लाल, चांदणं असलं की सोनेरी, असं त्यांचं गणित. ते डोळ्यांच्या शास्त्रावरून नाही, पण कुठेतरी जुळतंय.

तरी एक शंका. बंदरात दिव्याचा खांब असला की त्याच्या आसपास जागा मिळवायला रांग लागते. माकुलाला उजेड आवडतो म्हणावं, तर पाण्यात टॉर्च मारला की गायब होतं. हे काय?

शिंपला

उजेड त्याला आवडतो म्हणून ते येत नाही. उजेडाला प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, जमतात, त्यांच्यावर लहान मासे, आणि त्यांच्यावर माकुल. ते स्वतः उजेडात तरंगत बसलं तर त्याला मोठा मासा खाईल.

रापणकार (मालवण)

बरोबर. धक्क्यावरच्या दिव्याची जिथे कड पडते ना, उजेड संपून काळोख सुरू होतो ती रेघ, तिच्या काळोख्या बाजूला ते असतं. तोंड उजेडाकडे. दिव्याच्या बरोबर खाली गरी टाकणारे रात्रभर दिव्याकडेच बघत बसतात. गरी काळोखातून उजेडाकडे आणायची आणि रेघेवर क्षणभर थांबवायची. दिवा स्थिर हवा. हलता उजेड त्याला नको. म्हणून डोक्यावरचा दिवा पाण्याकडे वळवायचा नाही, गाठ मारायची तर पाठ फिरवून.

अजून एक. पौर्णिमेला दिव्याची जादू उतरते. सगळा समुद्रच उजळलेला, मग मासे एका जागी का जमतील? आम्ही काळोखाचे दिवस धरतो. अमावस्येला उधाण असतं, पाणी जोरात पळतं, म्हणून अमावस्येचा दिवस नव्हे, त्याच्या पुढचे-मागचे चार दिवस. पुढे अष्टमीच्या आसपास भांग (कमी चढ-उताराची भरती) लागला की पाणी सुस्तावतं, तेव्हाही मजा नाही. पाणी हललं पाहिजे, पण गरी वाहून जाईल इतकं नाही.

मुळामुठा

पुण्याचा आहे, हसू नका. डिसेंबरात चार दिवस रत्नागिरीला जाणार आहे. हे सगळं वाचून हात शिवशिवताहेत. तलावावर रोहू-कटला धरलेत, समुद्रावर कधीच नाही. काठी कोणती, दोरा कोणता? आणि ही इगी भारतात मिळते का?

किनारेकर (योकोहामा)

काठी साधारण साडेआठ फुटी, टोकाला लवचीक. फार कडक काठी असली की माकुलाचं मांस फाटतं. चाकावर (रीलवर) वेणीसारखा विणलेला बारीक दोरा, आणि पुढे वाव-दीड वाव जाडसर तंगूस, कारण विणलेला दोरा दगडाला घासला की लगेच कापला जातो. चाकाची पकड सैल ठेवा. माकुल पाण्याचा झोत सोडून मागे पळतं, थांबतं, पुन्हा पळतं. काठीवर ते धक्के मोजता येतात. प्रत्येक धक्क्याला दोरा थोडा सुटला पाहिजे. भारतात इगी ऑनलाइन मिळतात, स्वस्त नकलाही चालतात, फक्त सुया बघून घ्या. बोथट असल्या तर कानशीने घासून धार काढा.

रापणकार (मालवण)

मुळामुठा, काठी-दोऱ्याचं नंतर बघा, आधी पायांचं. तलावाच्या काठावर पाय घसरला तर चिखल. खडपावर घसरला तर कालवांनी अंग सोलून निघतं आणि वर लाट असते. दिवसाउजेडी ओहोटीला जाऊन जागा बघून या. भरतीला पाणी कुठपर्यंत येतं, ओल्या खडकाची रेघ कुठे आहे, परतीची वाट पाण्याखाली जाते का. हिरवं शेवाळ दिसलं तिथे पाय ठेवायचा नाही. एकट्याने जायचं नाही. स्थानिक माणूस "आज नको" म्हणाला तर आज नको, त्याला कारण विचारत बसायचं नाही. आणि सरकारी मच्छी बंदरात बोटी माल उतरवत असतात तिथे मध्ये काठी घेऊन उभं राहू नका, शिव्या पडतील आणि त्या रास्त असतील.

मुळामुठा

लिहून घेतलं. शिव्यांचंही.

तोयामाकर

काठी नको, इगी नको, दोरा नको. फक्त लांब दांड्याचं हातजाळं आणि छातीपर्यंतचे रबरी बूट. अशीही काठावरून रात्रीची माकुलं असतात. जपानच्या पश्चिम बाजूला तोयामाच्या उपसागरावर मी बरीच वर्षं राहतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

इथल्या माकुलाचं नाव होतारु-इका, काजव्याचं माकुल. अंग बोटाएवढं, पाच-सहा सेंटिमीटर. दिवसा २०० ते ६०० मीटर खोलीवर असतं, रात्री वर येतं. तोयामाचा उपसागर काठापासूनच एकदम खोल होत जातो, आत हजार मीटरच्या पुढे. म्हणून खोल पाण्यातला हा प्राणी इथे माणसाच्या पायाशी येऊ शकतो. मार्च ते मेमध्ये माद्या अंडी घालायला वर येतात. नर आधीच मरून गेलेले असतात, त्यामुळे जाळ्यात येणारं जवळपास सगळं मादीच. अंगभर प्रकाशाचे ठिपके, आणि दोन हातांच्या टोकांना प्रत्येकी तीन ठळक दिवे. हात लावला की निळे पेटतात. पोटाकडचे बारीक ठिपके वेगळ्या कामाचे. खालून बघणाऱ्या माशाला वरच्या अंधुक उजेडात हिची सावली दिसू नये म्हणून.

आता काठावर काय होतं ते. काही रात्री, बहुतेक चंद्र नसलेल्या, समुद्र शांत आणि वारा जमिनीकडून, ही माकुलं हजारांनी किनाऱ्याला लागतात. इथले लोक याला 'मिनागे' म्हणतात, म्हणजे अंग झोकून देणं. चंद्र नसला की त्यांची दिशा चुकते आणि परतताना काठाकडे ढकलली जातात, असा एक तर्क आहे. ती रात्र कधी येईल हे कोणालाच आधी सांगता येत नाही. आदल्या रात्री बादल्या भरल्या म्हणून दुसऱ्या रात्री माणसांची जत्रा लोटते आणि पाण्यात एक माकुल नसतं. मध्यरात्रीपासून पहाटे चारपर्यंत गुडघाभर पाण्यात उभे असलेले शेकडो लोक, प्रत्येकाच्या डोक्यावर दिवा, आणि कोणीतरी लांबून ओरडतं "आली!" की सगळे तिकडे. बहुतेक रात्री मी जाळं खांद्यावर टाकून थंडीने काकडत घरी येतो. तरी पुढच्या अमावस्येला जातोच.

रापणकारांसाठी: इथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर. तुमचं उधाण-भांगाचं गणित इथे चालायचं नाही. इथे वारा आणि चंद्र.

आणि शिंपलाताई, या माकुलाच्या डोळ्यात एक नव्हे, तीन रंगद्रव्यं आहेत असं इथल्या संग्रहालयात वाचलं. खरं का?

शिंपला

खरं आहे, याचं शास्त्रीय नाव वातासेनिया सिंटिलान्स. माकुलांतला हा प्रसिद्ध अपवाद. वरून झिरपणारा आकाशाचा उजेड आणि दुसऱ्या माकुलाने सोडलेला उजेड यांतला फरक ओळखायला हे उपयोगी पडत असावं असं मानतात. म्हणजे किनारेकरांच्या दुकानातली रंगीत भिंत ज्या एका माकुलाला खरोखर दिसली असती, ते हातजाळ्याने धरतात.

वरणभात

टाळ्या.

काळोखी (देवगड)

तोयामाकर, वर्णन सुंदर आहे, पण मला त्यात शेकडो दिवे खटकले. उजेड लावून मासे जमवायचे म्हटलं की आमच्या जिवावर येतं. एलईडीवाल्यांनी आमचा समुद्र कसा खरवडला ते इथल्या परदेशी मंडळींना माहीत नसेल. मोठा जनरेटर बोटीवर ठेवायचा, प्रखर दिवे पाण्यावर आणि पाण्याखाली सोडायचे, मैलभरातले मासे एका जागी गोळा करायचे आणि एका फेऱ्यात जाळ्याने उचलायचे. लहान-मोठं काही बघत नाहीत. माकुलं तर सगळ्यात आधी जातात, कारण ती उजेडाच्या कडेला येऊन थांबतात, वर लिहिलंय तसं. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी घातली. राज्याने २०२१ मध्ये सागरी मासेमारीच्या १९८१ च्या कायद्यात दुरुस्ती करून दंड वाढवले. तरी काळोख्या रात्री क्षितिजावर शहर उगवल्यासारखे दिवे दिसतात. पारंपरिक मच्छीमार पहाटे होडी घेऊन जातो आणि डिझेलचे पैसेही निघत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल धक्क्यावरचा एक दिवा आणि जनरेटर यांत फरक आहे. आहेच. पण काठावर हल्ली हौशी लोक पाण्यात सोडायचे हिरवे दिवे घेऊन येतात, बॅटरीवर. आज एक, उद्या वीस. त्याचं काय?

किनारेकर (योकोहामा)

काळोखी, तुमचा मुद्दा मान्य. जपानचं उदाहरण देऊन "तिकडे चालतं" असं मी मुळीच म्हणणार नाही. इथे माकुलाच्या बोटी दिवे लावून मासेमारी करतात, परवान्याने. जपानच्या समुद्रातले ते दिवे उपग्रहाच्या रात्रीच्या चित्रांत दिसतात. आणि ज्या सुरुमे-इका माकुलासाठी ते दिवे लागत, त्याची एके काळी वर्षाला लाखो टनांत असलेली पकड आता त्याच्या लहानशा हिश्श्यावर आली आहे. त्याला पाण्याचं बदलतं तापमान हेही मोठं कारण सांगतात, एकट्या दिव्यांचा दोष नाही. पण दिवे वाढवून माकुल वाढत नाही एवढं तरी दिसलं.

काठावर मी स्वतः पाण्यात दिवा सोडत नाही. बंदराचा खांब आहे तो आहे.

रापणकार (मालवण)

काळोखी, तुझं दुःख माझंही. पण गरीवाल्याला आणि जनरेटरवाल्याला एकाच दोरीने बांधू नको बाबा. गरीवर एका वेळी एकच माकुल येतं, ते लहान असलं तर सोडता येतं. जाळ्यातून काय सोडणार?

काळोखी (देवगड)

काका, गरीवाल्याला बांधत नाहीये. हिरव्या दिव्याला बांधतेय.

रापणकार (मालवण)

मग बांध. मी गाठ मारायला येतो.

यारातीरी (मेलबर्न)

आमच्याकडे हा प्रश्न आकड्याने सोडवलाय. व्हिक्टोरिया राज्यात हौशी मासेमारीचा परवाना काढावा लागतो आणि एका माणसाला दिवसाला माकुल, कटलफिश मिळून फक्त १०. पोर्ट फिलिप आणि वेस्टर्न पोर्ट उपसागरांच्या धक्क्यांवर अधिकारी येऊन बादली उलटी करून मोजतात. इथलं माकुल सदर्न कॅलमारी, किनारेकरांच्या आओरीचं चुलत भावंड, तेच रुंद पर. समुद्री गवताच्या पट्ट्यांत राहतं. फ्लिंडर्स, क्वीन्सक्लिफ, पोर्टार्लिंग्टन या धक्क्यांवर शनिवारी रात्री खांद्याला खांदा लावून लोक असतात. व्हिएतनामी, चिनी, ग्रीक आजोबा, आणि अधूनमधून आमच्यासारखे थर्मासमध्ये चहा घेऊन आलेले. ग्रीक आजोबा रंगाचं बोलतच नाहीत. ते म्हणतात गवतावरून एक हात वर ठेव, बास.

तोयामाकर

काळोखी, मोजदादीवरून आठवलं. इथेही हातजाळ्याला आणि दिव्यांना नियम आहेत, आणि ते जिल्ह्याजिल्ह्यात बदलतात. किनाऱ्यावर सहकारी संस्थेचे फलक असतात, वाचावेच लागतात. माकुलाच्या नादात खडकावरचा अबालोन (एक प्रकारचा शिंपला) किंवा समुद्री काकडी (तळावरचा एक प्राणी) उचलू नका. डिसेंबर २०२० पासून त्याची शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ कोटी येनपर्यंत दंड आहे. पर्यटकांना वाटतं समुद्र सगळ्यांचा.

किनारेकर (योकोहामा)

तोयामाकरांच्या मुद्द्याला पुस्ती. गेल्या काही वर्षांत इथली कितीतरी बंदरं हौशी लोकांना बंद झाली. कारण चोरी नाही, घाण. तुटलेले दोरे, कोंबिनीच्या (चोवीस तास उघड्या दुकानांच्या) पिशव्या, आणि शाई. माकुल वर उचललं की शाई सोडतं आणि ती काँक्रीटवर वाळली की महिनोन् महिने जात नाही. आम्ही नव्या जागी गेलो की आधी जमिनीवर शाईचे डाग शोधतो, डाग ताजे म्हणजे माकुल आहे. पण कोळ्यांना तेच डाग त्यांच्या अंगणातली रांगोळी विस्कटल्यासारखे वाटतात. दोरीची बादली न्या, लगेच समुद्राचं पाणी ओता, दोन मिनिटांचं काम. उचलण्याआधी माकुलाला पाण्यातच एकदा शाई सोडू द्या, आणि त्याच्या नळीचं तोंड शेजाऱ्याकडे नसेल हे बघा.

सुगरणआत्या

तुमचं धरून झालं असेल तर खायचं बोला. माझ्याकडे भाचा आणून टाकतो आणि जातो. साफ कसं करायचं ते नवीन मुलींना आणि मुलांनाही सांगा कोणीतरी.

रापणकार (मालवण)

आत्या, तुम्हाला कोण शिकवणार! पण लिहितो. डोकं धरून अलगद ओढायचं, आतली पिशवी अख्खी बाहेर येते. शाईची चंदेरी थैली फुटू द्यायची नाही. पाठीच्या आत पारदर्शक पातं असतं, ते ओढून काढायचं. डोळे कापून टाकायचे, हातांच्या मधली चोच बोटाने दाबली की निघते. वरची जांभळट साल मिठाच्या बोटांनी ओढली की सोलून येते. नंतर गोल चकत्या.

सुगरणआत्या

छान. आता माझं ऐका. माकुल एक तर दोन-तीन मिनिटं शिजवा, नाहीतर पाऊण तास. मधल्या वेळात ते चपलेचा तळवा होतं. तव्यावर रवा लावून तळायचं तर दोन मिनिटं. सुकं करायचं तर कांदा, मालवणी मसाला, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, आणि मंद आचेवर ठेवून विसरून जा. स्वतःचंच पाणी सुटतं, वरून ओतू नका. आमसुलं शेवटी. लवकर घातली तर मऊ व्हायला आणखी वेळ घेतं.

किनारेकर (योकोहामा)

मी बंदरावरच डोळ्यांच्या मध्ये सुरी टोचतो, अंग एका क्षणात पांढरंफटक पडतं. मग पिशवीत बंद करून बर्फात. थेट बर्फाच्या गोड्या पाण्यात टाकलं तर मांस पाणी पिऊन बेचव होतं. घरी एक दिवस गोठवून मग कच्चं खातो. गोठवल्याने गोडी वाढते आणि किडीची भीतीही जाते, उणे २० अंशांना २४ तास.

तोयामाकर

सावधान, हा नियम काजव्याच्या माकुलाला लावू नका! त्याच्या पोटात वेगळे सूक्ष्म कृमी असतात आणि ते लहान असल्याने लोक पोटासकट खातात. कच्चं खायचं तर उणे ३० ला ४ दिवस, आणि घरचा फ्रिज तेवढा थंड नसतो. सरळ उकळून खा. डोळे, चोच, पातं चिमट्याने काढून व्हिनेगर घातलेल्या मिसोबरोबर (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाबरोबर). आत्या, तुमच्या वाटणात घालून पाहिलं, तेही जमतं.

सुगरणआत्या

डोळे एकेक काढत बसलास? बोटाएवढ्या माकुलाचे? तुझं लग्न झालंय का रे?

तोयामाकर

झालंय आत्या. डोळे काढायला तीच बसते, मी वाटण वाटतो.

मुळामुठा

विषयांतर थांबवून माझं बघा, डिसेंबर आला. २.५ नंबर घेऊ की ३.५? आणि रत्नागिरीत काळोखाचे दिवस मिळणार नाहीत बहुतेक, सुट्टीच्या तारखा पौर्णिमेच्या आसपास आहेत.

किनारेकर (योकोहामा)

३ नंबर. दोन घ्या, एक गडद, एक चमकणारी. एक दगडात अडकून जाणार हे धरून चाला.

रापणकार (मालवण)

पौर्णिमा असली तर संध्याकाळ धरा. सूर्य बुडाल्यापासून चंद्र नीट वर येईपर्यंत थोडाच वेळ मिळतो, पौर्णिमेनंतरचे दिवस असतील तर त्याहून जास्त. तेवढ्यात काय ते करा आणि चंद्र वर आला की जेवायला जा. जागा रत्नागिरीची मी सांगणार नाही, तिथल्याच कोणाला विचारा. आणि सोबत कोण येतंय ते आधी कळवा.

मुळामुठा

मेहुणा येतोय. पोहता येतं त्याला.

रापणकार (मालवण)

पोहता येण्याचं सांगू नका. बुटांना पकड आहे का ते सांगा.